मालनच्या नावाची तबकडी

साहेबानं मशीन थांबवलं नाही.

मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि त्याच्या हाताकडं बघत होते. मालननं दोन ओळी म्हटल्या, चार म्हटल्या. आता हात वर होईल, आता तो म्हणेल, बाई थांबा, हा आवाज तो नव्हे. एवढं एक वाक्य ऐकायला मी वर्षभर तोंड मिटून बसले होते. हात वर झाला, पण तो नाकावरचा चष्मा सारखा करायला. गाणं संपलं. साहेब म्हणाला, "वा, मालनबाई! गेल्या वर्षीपेक्षा आवाज गोड झालाय तुमचा."

गेल्या वर्षीचा आवाज माझा होता.

हे झालं बेळगावात, टिळकवाडीतल्या एका वकिलाच्या बंगल्यात. खिडक्यांवर वाकळा टांगल्या होत्या, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. पंखा बंद. घामानं पातळ पाठीला चिकटलं होतं. मशीनवाला हुबळीचा होता, तो कानडीत "साकु, साकु" म्हणाला, म्हणजे पुरे झालं. मलाही पुरे झालं होतं. पण तिथं मला कोण विचारत होतं?

तो बंगला आता नाही. तिथं चार मजली इमारत झाली आहे आणि तिच्या मागच्या गल्लीत माझी मुलगी राहते. ती बँकेत साहेब आहे. तिच्या गॅलरीतून त्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. मी सकाळी चहा तिकडं पाठ करून पिते.

यंदा माघात मी निपाणीला गेले. दर वर्षी जाते. बोरगावकडं जाणाऱ्या रस्त्याला तंबाखू कापून शिवारात वाळत घातलेला असतो. पूर्वीइतका नाही, पण आहे. उसानं बरंच रान खाल्लंय. गाडीची काच खाली केली की तो वास आधी घशात येतो, मग डोळ्यांत. मुलगी नाकाला रुमाल लावते आणि म्हणते, "आई, काच लाव." मला त्या वासानं भूक लागते. वखारीत दुपारी भाकरी सोडायचो तेव्हा हाच वास असायचा. हात किती धुतले तरी भाकरीला कडू चव यायची. नव्या बायकांना मळमळायचं. आम्हाला त्या चवीशिवाय भाकरी गोड लागायची नाही.

त्या वासाबरोबर मला मालन आठवते. लोकांना मेलेल्या मैत्रिणी आठवल्या की गहिवरून येतं म्हणतात. मला येत नाही. मला तिचा अजून हेवा वाटतो. ती मेली तरी वाटतो.

ही गोष्ट सत्तर आणि ऐंशी सालांच्या मधली. निपाणीत तेव्हा गल्लोगल्ली तंबाखूच्या वखारी होत्या. वाळलेली पानं कुटून वखारीत यायची आणि आम्ही बायका ती चाळायचो. पदर नाकावर आवळून बांधायचा, चाळण दोन्ही हातांत धरायची आणि दिवस मावळेपर्यंत हलवत राहायचं. धूळ इतकी की समोरची बाई दिसायची नाही, तिचा आवाज तेवढा यायचा. बोललं की तोंडात धूळ जाते. गायलं तरी जाते, पण गाताना ते कळत नाही. म्हणून आम्ही गायचो. आवड होती म्हणून गायचो असं आता कुणी लिहितं तेव्हा मला हसू येतं.

आम्ही पाच जणी एका ओळीत बसायचो. गंगाक्का सगळ्यांत थोरली. तिच्या हाताखाली काशी आणि राधा, दोघी जावा, बोलायला कमी आणि खोकायला जास्त. मग मी, अनुसया, सगळ्यांची अनशी. आणि माझ्या डाव्या हाताला मालन. ती बोरगावहून रोज पहाटेच्या गाडीनं यायची.

एकीनं ओळ सोडायची, चौघींनी ती उचलायची. गाण्यातला मधला मजकूर कसलाही असे, सासू, पाऊस, मुकादमाच्या मिशा. शेवट मात्र ठरलेला. जी गाणं सोडते तिनं शेवटच्या ओळीत आपल्या डाव्या हाताच्या बाईला घरी धाडायचं. नाव घेऊन धाडायचं. मग ती बाई पुढचं गाणं सोडणार आणि दुसरीला धाडणार. स्वतःचं नाव घेऊन स्वतः घरी जायचं नाही. तसं केलं तर त्या बाईचं काम सुटतं, नाहीतर दुखणं येतं, असं गंगाक्का सांगायची. एकदा नवी बाई चुकून आपलंच नाव घेऊन बसली, तर गंगाक्कानं चाळण खाली आपटली होती.

"ए भवाने, सोत्ताच सोत्ताला धाडतीस व्हय? आन् आमी काय हितंच मरायचं?"

सगळी वखार हसली होती. ती बाई दुसऱ्या दिवशी आलीच नाही. गंगाक्का म्हणाली, "बगा. म्या काय सांगालते?"

माझं गाणं होतं त्याची शेवटची ओळ अशी:

हाल गं चाळणी, तुझा वारा येऊ दे
बोरगावच्या मालनीला घरा जाऊ दे.

मालन ओळीच्या टोकाला बसायची. तिच्या डाव्या हाताला भिंत. भिंतीला कुठं धाडणार? म्हणून ती उलटी फिरून मला धाडायची:

दिवस गेला डोंगराआड, दिवा लावू दे
निपाणीच्या अनशीबाईला घरा जाऊ दे.

सात हंगाम आम्ही एकमेकींना असं घरी धाडलं.

मालन कामाला संथ होती. माझ्या दोन चाळण्या व्हायच्या तेव्हा तिची एक. उरलेला ढीग मीच सारायची, नाहीतर मुकादम ओरडायचा. तरी मुकादमाचा चहा आला की पहिला पेला तिच्याकडं जायचा. ती गोरी होती आणि हसली की गालाला खळी पडायची. माझे दात पुढं आहेत. हे मी कुणाची कीव यावी म्हणून लिहीत नाही, होतं तसं लिहिते. गाणं मात्र माझं होतं. ती आली तेव्हा तिला धड दम धरता येत नव्हता. धूळ तोंडात जाऊ नये म्हणून ओळीच्या मध्ये मान कुठं वळवायची, श्वास कुठं चोरायचा, शेवटचा शब्द कुठवर ओढायचा, हे सगळं तिनं माझ्याकडं बघून उचललं. मी चौथीपर्यंत शिकले होते. तिला अक्षरओळख नव्हती. जेवणाच्या सुट्टीत जमिनीवरच्या धुळीत बोटानं मी तिला तिचं नाव काढायला शिकवलं. मा, ल, न. काना, मात्रा नसलेलं पुढचं सोपं म्हणून तिला लवकर आलं.

मग एका हंगामात मुंबईचा साहेब आला. तबकड्या काढणाऱ्या कंपनीचा. वखारीच्या मालकाची त्याची ओळख होती. तो दारात उभा राहून ऐकत होता आणि शिंकत होता. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जणी चाळण्या काखेत मारून बेळगावच्या गाडीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "मावशी, भांडी विकाय चाललाय काय?" मालन म्हणाली, "गळा विकाय." सगळी गाडी हसली. असं तिला पटकन सुचायचं. मला दोन दिवसांनी सुचतं.

वकिलाच्या दिवाणखान्यात आम्ही सतरंजीवर बसलो. रिकामी चाळण हलवली तर पत्र्यासारखा आवाज यायला लागला. साहेबाला तो पटेना. तंबाखू आणला असता तर वकिलाचं घर शिंकून मेलं असतं. शेवटी वकिलाच्या बायकोनं गव्हाचं पोतं सोडलं. तर आम्ही पांढऱ्या फरशीवर गहू चाळत तंबाखूचं गाणं म्हटलं. गंगाक्काच्या खोकल्यानं तीन वेळा मोडलं. चौथ्यांदा मी गाणं सोडलं आणि शेवटी रीतीप्रमाणं मालनला घरी धाडलं. मग तिनं तिचं सोडलं आणि मला धाडलं. साहेबानं आम्हाला एकेक पातळ दिलं. नावं कुणी विचारली नाहीत. आम्हालाही सांगायचं सुचलं नाही. वखारीत कोण कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथं नाव सांगायची वेळ येत नाही.

तबकडी आली ती पुढच्या चैत्रात. ताटलीएवढीसुद्धा नाही, वाटीवरच्या झाकणापेक्षा थोडी मोठी. पाकिटावर डोक्यावर घागर घेतलेल्या एका बाईचं चित्र होतं. ती बाई कुठली कोण जाणे. तिच्या पायात पैंजण होते आणि लुगडं गुडघ्याच्या वर. गंगाक्का म्हणाली, "ही बया चाळाय बसली तर मुकादम मरंल." मालकाच्या वाड्यावरून मशीन आणलं, वखारीच्या अंगणात टेबलावर ठेवलं. सगळ्या बायका चाळण्या टाकून उभ्या राहिल्या. मशीनमधून माझा आवाज बाहेर आला. अंगावर काटा आला. आपलाच आवाज आपल्यासमोर उभा असलेला कधी ऐकला नव्हता.

गाणं संपल्यावर मुकादमानं तबकडी उचलली आणि मधल्या चिठ्ठीवरचं मोठ्यानं वाचलं, "पहिली बाजू. गायिका, मालन, बोरगाव. आणि साथीदार."

मी म्हटलं, "दुसरी बाजू वाचा."

"गायिका, अनशीबाई, निपाणी."

उलटं छापलं होतं. साहेबाला वाटलं असणार, अभंगाच्या शेवटी संतांचं नाव येतं तसंच हे. शेवटी जिचं नाव, तिचंच गाणं. आमच्यात शेवटी जिचं नाव येतं ती गात नसते, हे त्याला कोण सांगणार? माझ्या आवाजावर मालनचं नाव बसलं, तिच्या आवाजावर माझं.

सुरुवातीला आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो. मालननं तबकडी हातात घेतली, बोटानं आपलं नाव शोधलं आणि म्हणाली, "आगं अनशे, ह्ये मी हाय न्हवं? आन् गाणं तर तुजं." मग म्हणाली, "साहेबाला चिठी लिव्ह की. तू साळंत गेलतीस. माजा हात कुटं चालतोय?"

मी म्हटलं, "लिव्हीन."

पोस्टकार्डही आणलं. त्यावर "साहेबांस नमस्कार" एवढं लिहिलं. पुढं काय लिहावं ते जमेना, म्हणून ते फडताळात राहिलं.

तेवढ्यात हंगाम संपला आणि जत्रा सुरू झाल्या. प्रत्येक जत्रेत कर्ण्यावर तेच गाणं. लग्नात तेच. निपाणीच्या स्टँडवर सोड्याच्या गाडीवर तेच. पहिली बाजू. तबकडी उलटी करायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. दुसऱ्या बाजूवर माझं नाव होतं, ते तिथंच झोपून राहिलं. आणि लोक मालनला बघायला बोरगावला जायला लागले. तिच्या सासूनं दारात पाट मांडून ठेवला होता म्हणे, येणाऱ्यासाठी. मालन सगळ्यांना सांगायची, "अवो, ते माजं न्हवं, ते अनशीचं." लोकांना वाटायचं, काय बाई नम्र आहे! तिची आणखी स्तुती व्हायची. खरं बोलूनही तिलाच मिळत गेलं. मी तोवर खोटं बोलले नव्हते, तरी मला काही मिळालं नाही.

एका जत्रेत आम्ही नवरा-बायको गेलो होतो. कर्ण्यावर गाणं लागलं. नवरा पाळण्यापाशी उभा राहून ऐकत होता. तो माझ्याबरोबर नऊ वर्षं एका घरात राहिला होता. माझं दळताना, धुणं धुताना, भांडताना सगळं ऐकलेला माणूस. तो म्हणाला, "मालन लई चांगलं म्हणती बग."

मी म्हटलं, "कोन म्हणती?"

"मालन. तबकडीवर हाय की तिचं नाव."

घरी येऊन पोस्टकार्ड काढलं. त्यावरचं "साहेबांस" खोडून "दादास" केलं आणि भावाला खुशाली कळवली. साहेबाला कळवायचं नाही असं त्या दिवशी ठरवलं. का ठरवलं ते स्पष्ट सांगते. साहेब पुढच्या हंगामात येणार होता, दुसऱ्या तबकडीसाठी, आणि त्याला मालन हवी होती. मला वाटलं, येऊ दे. तिला पुढं बसवू दे. तोंड उघडलं की कळेलच. सगळ्यांच्या देखत कळू दे. चिठ्ठीनं नुसती चूक सुधारली असती. मला तिची फजिती हवी होती.

मालन अधूनमधून विचारायची, "लिव्हलीस काय गं?"

मी सांगायची, "लिव्हले. उत्तर न्हाय."

ते वर्ष कसं गेलं ते मलाच ठाऊक. शेजारी बसून चाळायचं, तिचा ढीग सारायचा, गाणं सोडायचं, तिला घरी धाडायचं, आणि मनात दिवस मोजायचे. आता वय झाल्यावर लोक देवाधर्माचं बोलतात. मी खोटं कशाला बोलू? त्या वर्षी मी देवळात जाऊन एकच मागितलं, त्या खोलीत तिचा आवाज फाटू दे.

देवानं ऐकलं नाही. त्या दिवसाची सुरुवात वर लिहिलीच आहे. मी मुद्दाम भिंतीशी उभी राहिले, ओळीत बसले नाही. म्हटलं, पाय अवघडलेत. मालनच्या डाव्या हाताला काशी बसली होती. मालननं नवं गाणं सोडलं. माझं नव्हे, तिचं स्वतःचं, बोरगावच्या विहिरीचं. शेवटच्या ओळीत काशीला घरी धाडायचं, एवढी साधी रीत. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि मलाच धाडलं. निपाणीच्या अनशीबाईला घरा जाऊ दे. साहेबानं विचारलं, "ही अनशी कोण?" मालननं बोट केलं. साहेब माझ्याकडं बघून म्हणाला, "हां, दुसऱ्या बाजूवाल्या. तुम्हीही बरं म्हणता."

बरं म्हणता!

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले. काकतीला गाडी थांबली तेव्हा मालन उठून माझ्या शेजारी आली.

"रागावलीस?"

"कशाला?"

"मग भाईर काय बघालीस? काकतीत काय हाय बघाय?"

"तुज्या शेजारी काशी हुती. तिला का न्हाय धाडलीस?"

"जीभच वळंना. सात वरसं तुजं नाव घेतलंय."

"हितनं म्होरं घेऊ नगंस."

ती म्हणाली, "अनशे, तू चिठी लिव्हलीच न्हाईस न्हवं?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ती एवढंच म्हणाली, "मला कळालं हुतं." आणि पदरातल्या शेंगा काढून माझ्या मांडीवर ठेवल्या. मी त्या खाल्ल्या नाहीत. निपाणीला उतरताना लुगडं झटकलं, शेंगा खाली पडल्या, गाडी गेली.

दुसरी तबकडी पहिलीपेक्षा जास्त वाजली. मी तोवर वखार बदलली होती. स्टँडच्या पलीकडं दुसऱ्या मालकाकडं जायला लागले. तिथल्या बायका गात नसत, मुकादम नुसता खेकसायचा. बरं वाटलं. मग मोठी तबकडी निघाली, ताटाएवढी, बारा गाण्यांची. मग ऐंशीनंतर तबकड्या मागं पडल्या आणि कॅसेटा आल्या. मालनच्या चार कॅसेटा निघाल्या. वर तिचा फोटो, मागं प्लॅस्टिकची फुलं, गालाला खळी. पहिल्या कॅसेटात चाळणीचा आवाज होता, दुसरीत तबला आला, तिसरीत आणखी कसली कसली वाद्यं, चौथीत तर मालन कुठं आहे ते शोधावं लागायचं. मी एकही विकत घेतली नाही. सगळ्या ऐकल्या. चहाच्या टपरीवर, वरातीत, शेजारच्या घरात. भिंतीला कान लावूनही ऐकल्या. कुठं चुकते ते शोधत ऐकल्या. कुठं माझ्यासारखा श्वास चोरते ते बरोबर कळायचं, आणि तेवढ्या जागी मी तव्यावर भाकरी आपटायची.

आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी मीच घरी जात होते. सांगितलं होतं तरी तिनं सोडलं नाही. मला वाटायचं भीक घालते. नाव तर नाव, घे बाई, असं. बाजारात ओळखीच्या बायका विचारायच्या, "अनशी म्हंजे तूच व्हय गं? नशीबवान हाईस." एकीच्या अंगावर मी मिरच्यांची पिशवी टाकणार होते.

त्यानंतर मालन दोनदा माझ्या घरी आली. एकदा मुलीच्या बारशाला. पाळण्यापाशी बसून तिनं माझं चाळणीचं गाणं म्हटलं, हळू आवाजात, आणि शेवटी मुलीचं नाव घातलं. मी स्वयंपाकघरात होते. ऐकलं. चांगलं म्हटलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं, हे मी त्या दिवशी कबूल केलं असतं तर बरं झालं असतं. मी तिला विचारलं, "च्या घेणार?" दुसऱ्यांदा आली तेव्हा मी घरात असून शेजारणीला सांगायला लावलं, की अनशी गावाला गेली.

माझी मुलगी म्हणते, आई, एवढ्याशा गोष्टीचं तू आयुष्यभर काय घेऊन बसलीस? तिला कळायचं नाही. तिच्या टेबलावर तिच्या नावाची पाटी आहे.

गेल्या महिन्यात मुलीनं एका बाईला घरी आणलं. कॉलेजात शिकवतात. सीमाभागातल्या बायकांच्या जुन्या गाण्यांच्या तबकड्या आणि कॅसेटा यांची यादी करतात. चांगल्या आहेत बोलायला. कागदावर सगळं ओळीनं लिहून आणलं होतं. छोट्या तबकड्या दोन, मोठी एक, कॅसेटा चार. मी म्हटलं, बरोबर. एवढंच निघालं.

"आजी, पहिली छोटी तबकडी. पहिली बाजू, गायिका मालन. बरोबर?"

"चूक," मी म्हटलं.

जवळजवळ पन्नास वर्षं तोंडात धरलेला शब्द होता. तो इतका लहान निघेल असं वाटलं नव्हतं.

मी त्यांना सगळं सांगितलं. घरी धाडायची रीत सांगितली. ज्या बाईचं नाव शेवटी येतं ती गात नसते, हेही सांगितलं. बाई लिहीत होत्या. मग थांबल्या आणि कागद उलटसुलट करून म्हणाल्या, "म्हणजे आजी, या सगळ्या यादीत शेवटी तुमचंच नाव येतं. मालनचं नाव फक्त एका गाण्यात आहे."

"तेवढं एकच माजं."

त्यांनी मोबाईल काढला. त्यात त्यांनी कुठून तरी ती पहिली तबकडी भरून आणली होती. आधी एक बाजू लावली, मग दुसरी. खरखर होती, पण गव्हाचा आवाज स्पष्ट येत होता. गंगाक्काचा दाबलेला खोकलाही आला. बाईंनी दोन्ही पुन्हा लावलं. मग जरा अडखळत म्हणाल्या, "आजी, राग मानू नका. मला दोन्ही आवाज एकाच बाईचे वाटतात."

माझी मुलगी म्हणाली, "मलाही."

मला राग आला. मी म्हटलं, पुन्हा लावा. डोळे मिटून बसले. आता कान पूर्वीसारखे नाहीत, तरी आपला आवाज आपल्याला कळणार नाही काय? त्यांनी लावलं. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. मान वळवायची जागा तीच. श्वास चोरायची जागा तीच. शेवटचा शब्द ओढायचा तो तेवढाच. मी वाट बघत राहिले. शेवटच्या ओळीत मालनचं नाव आलं तेव्हा मला कळलं, की ही मी.

मग साहेबाला कसं कळणार होतं? नवऱ्याला तरी कसं? सात हंगाम एकाच धुळीत, एकमेकींकडं बघून गायलेल्या आम्ही. मी तिची फजिती व्हायची वाट बघत होते, आणि तिच्या तोंडून निघत होतं ते मीच घडवलेलं. ती मला सारखं घरी धाडत होती ते भीक म्हणून की हे तिला आधीच कळलं होतं म्हणून, ते मला माहीत नाही. विचारता आलं असतं, पण ती घरी आली तेव्हा मी घरात असून गावाला गेले होते.

तरीसुद्धा ते पहिलं गाणं मी म्हटलं आहे. तिनं नाही. हेव्यानं माझं बरंच काही खाल्लं असेल, पण ही गोष्ट खरी आहे. आणि दुसऱ्या बाजूचं मालनचं आहे, तिथं माझं नाव काढून तिचं लिहा, असंही मी बाईंना सांगितलं. ते सांगताना जीभ जड झाली, पण सांगितलं.

बाई म्हणाल्या, "मी लिहीन, आजी. पण छापायचं तर आणखी कुणाकडून तरी खात्री करून घ्यावी लागेल. ती रीत तशीच होती, त्या दिवशी आधी कोण गायलं, हे सांगणारं त्या खोलीतलं आणखी कुणी आहे का?"

गंगाक्का दुसऱ्या तबकडीनंतर दोन-तीन वर्षांत छातीच्या दुखण्यानं गेली. काशी बाळंतपणात गेली. राधा लेकाकडं पुण्याला होती, तिथंच गेली. मालन तीन वर्षांपूर्वी बोरगावात गेली. मी मातीला गेले नाही. आम्ही पाच जणी होतो. त्यातली मी जिवंत आहे.